सुकाणूची खडखड

मागच्या वर्षीच्या डिसेंबरातली गोष्ट. सकाळी सातच्या सुमारास माझी शिडाची नाव घेऊन निघालो, धान कापून झालेलं, गोसीखुर्द धरणाच्या पाण्यावर धुकं बसलेलं, वारा असून नसल्यासारखा, आणि मागून आवाज येत होता. खड्. मग थोडं थांबून खड् खड्. लाट आली की एकदा, टिलर सोडला की दोनदा. टिलर म्हणजे सुकाणू फिरवायचा लाकडी दांडा. मी भंडारा जिल्ह्यात पवनीकडच्या एका खेड्यात शेतीपंपाच्या मोटारी दुरुस्त करतो, बेअरिंग गेलेली मोटार मला दाराबाहेरून आवाजावरून कळते, पण याच आवाजाकडे मी अख्खं वर्ष कानाडोळा केला होता कारण नाव चालत होती, वळत होती, अडत काही नव्हतं. त्या सकाळी वाराच नव्हता म्हणून दुसरं ऐकायला काही नव्हतं. मागं वाकून सुकाणू हातात धरलं आणि हलवलं तर ते बोटभर इकडं, बोटभर तिकडं जात होतं.

घरी आणून मापायचा व्हर्नियर लावला. आठ मिलिमीटरची पिन एका बाजूनं साडेसहा झालेली आणि ती ज्या भोकात बसते ते भोक गोल राहिलंच नव्हतं, अंड्यासारखं लांबुळकं झालं होतं.

सुकाणू नावेच्या मागच्या फळीला लटकतं ते दाराच्या बिजागरीसारखं. सुकाणूवर पिन, फळीवर कडी. पिनेला पिंटल म्हणतात, कडीला गजन. अशा दोन जोड्या, एक वर एक खाली. एवढ्याशा चार तुकड्यांवर सगळी दिशा अवलंबून असते, शीड कितीही चांगलं असो.

ही नाव माझ्याकडे कशी आली ते सांगतो. मी पंधरा वर्षं नेव्हीत काढली, इंजिनरूममध्ये, पण शिडाची नाव तिथंच शिकलो आणि ती ओढ सुटली नाही. गावी परत आलो, दुकान टाकलं, आणि काही वर्षांनी कळलं की मुंबईच्या एका क्लबातून जुनी एंटरप्राइज काढून टाकणार आहेत. एंटरप्राइज म्हणजे जॅक होल्ट या इंग्रज डिझायनरनं १९५६ साली काढलेली नाव, सव्वातेरा फूट लांब, दोन माणसांची, प्लायवुडमध्ये घरी बांधता येईल अशी, आणि शिडं निळी. आपल्याकडे एनसीसीच्या नेव्हल विंगची पोरं याच नावेवर शिकतात. माझीवाली प्लायवुडचीच आहे. रिकाम्या परत येणाऱ्या ट्रकात घालून आणली, गावात उतरवली तेव्हा निम्मं गाव बघायला आलं होतं.

आणि इथं पाणी आहे. बाहेरच्या लोकांना विदर्भ म्हटलं की कोरडं रान दिसतं, पण आमची झाडीपट्टी म्हणजे तलावांचा मुलूख, कोहळी लोकांनी पाळ म्हणजे मातीचा बांध घालून बांधलेले तलाव, पुढं मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, गेली तेव्हा त्यांना माजी मालगुजारी म्हणायला लागले आणि त्याचं झालं मामा तलाव. आणि वैनगंगेवर गोसीखुर्द. त्याचं भूमिपूजन राजीव गांधींच्या हातून २२ एप्रिल १९८८ ला झालं तेव्हा मी तिसरीत होतो. माझ्या मामाचं गाव त्या बुडितात गेलं. मी जिथं शीड उभारतो तिथून अर्ध्या तासावर, वारा असेल तर, मामाच्या विहिरीवरून नाव जाते. ती विहीर दिसत नाही, पण काठावरचं एक चिंचेचं झाड मेलं तरी उन्हाळ्यात डोकं बाहेर काढतं, त्यावरून ठरवतो.

असली बुडालेली झाडं कुठं कुठं आहेत ते मला एका ढिवर दादानं शिकवलं. दादा मच्छीमार संस्थेचा सभासद, वय सत्तरच्या आसपास, त्याचा डोंगा आणि माझी नाव एकाच काठाला बांधलेली असते. संस्थेच्या लोकांची जाळी कुठं लागली आहेत ते रोज त्याला विचारल्याशिवाय मी निघत नाही. जलपर्णी आली की दोघांचेही हाल. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये, कन्हानमधून वैनगंगेत आणि तिथून आमच्या धरणात येतं, त्या पाण्यावर जलपर्णी अशी पोसते की सुकाणूला वीस वीस किलोचा गुंता लटकतो. तो ओढत नाव चालली की सगळा ताण त्या दोन पिनांवर. झीज अशी फुकट होत नसते, कोणीतरी रोज ओढत असतं.

आता चूक सांगतो, कारण दुसरं कोणी तीच करू नये. पहिल्यांदा मी पिनेच्या जागी स्टीलचा चकचकीत बोल्ट बसवला, खरादवाल्याकडून बरोबर मापाचा करून. दोन महिने शांतता. मग खडखड परत, आधीपेक्षा जास्त. कडी जुनी पितळेची, मऊ, आणि पिन आता कडक, तर पिनेनं कडी खाल्ली. हे मला कळायला पाहिजे होतं. पंपात शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, कडक ठेवतात आणि त्याच्याभोवतीची नळी, म्हणजे बुश, मऊ ठेवतात, मुद्दाम, म्हणजे झिजायचं ते बुश झिजेल, दोनशे रुपयांचं, काढून नवीन ठोकता येईल. मी रोज हातानं बुश बदलतो आणि स्वतःच्या नावेला बुशच ठेवला नव्हता. तेव्हा ठरवलं की या नावेत जिथं जिथं दोन धातू एकमेकांवर घासतात तिथं कोण झिजणार ते आधी ठरवायचं, आणि झिजणारा तुकडा सहज काढता आला पाहिजे.

कड्या घेऊन भंडाऱ्याला गेलो. भंडारा म्हणजे आमच्याकडची पितळेची पेठ, एकेकाळी घरोघरी भांड्यांचं काम चालायचं, आता फार थोडी घरं उरली आहेत. एका जुन्या कारागीर काकांच्या हातात कडी दिली. त्यांनी चष्मा लावला नाही, आधी कडी अंगठ्यानं चोळली, मग बारीक कानस घेऊन कोपऱ्यावर दोन हात मारले आणि मला उजेडात धरून दाखवलं. वरून पिवळी दिसणारी कडी आत गुलाबी होती. नुसती गुलाबी, विटकरीच्या चुऱ्यासारखी, चमक नाही.

"जस्त निघून गेलं हिच्यातलं," काका म्हणाले. "तांब्याची जाळी राहिली नुसती. ठोकून पाहा, तुटते."

खरंच तुटली. पक्कडीत धरून वाकवली तर बिस्किटासारखा तुकडा पडला.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं राहिलं की जस्त हळूहळू विरघळून जातं आणि मागं तांब्याचा पोकळ सांगाडा राहतो, आकार तोच, रंग थोडा बदललेला, ताकद शून्य. ही नाव मुंबईच्या समुद्रात जगली होती, तिथं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, मी इथं गोड्या पाण्यात बसून समजत होतो की पितळ गंजत नाही. नावेच्या कामाला पितळ नको, कासं किंवा गनमेटल पाहिजे, म्हणजे तांब्यात जस्ताऐवजी मुख्य भर कथिलाची. जुन्या नेव्हीतलं गनमेटल म्हणजे ८८ भाग तांबं, १० कथील, २ जस्त. आणि गनमेटल माझ्या दुकानात पोत्यानं पडलेलं असतं! जुन्या पंपांचे बुश, एखाद-दुसरा इंपेलर, भंगारवाला किलोवर घेऊन जातो ते सगळं.

पुढच्या आठवड्यात सात किलो घेऊन गेलो. लाकडाचा नमुना मी घरी केला होता, सागवानाचा, मापापेक्षा किंचित मोठा कारण ओतलेला धातू थंड होताना आकसतो. काकांनी तो वाळूत दाबून साचा केला. आधी त्यांनी दुसऱ्या कोणाचं तरी पितळ ओतलं, त्याचा पांढरा धूर सगळ्या खोलीत भरला, जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि पितळ वितळतं तेही त्याच्याच आसपास, म्हणून तो धूर. मग माझी मूस आली. धूर जवळजवळ नाहीच. धातू नारिंगी, दुधावर साय यावी तशी वर कातडी आलेली, काकांनी पळीनं ती बाजूला सारली आणि एका हातानं, न थरथरता, साच्याच्या तोंडात सोडला. मी श्वास धरून उभा होतो. तासाभरानं वाळू फोडली तर आत माझ्या नावेची कडी, अजून गरम, कडेला वाळूचे दाणे चिकटलेले. मजुरी किती म्हटलं तर काकांनी उरलेलं दोन किलो गनमेटल मागितलं, एवढंच.

त्या कडीत वेगळा बुश बसवला, तोही गनमेटलचा, आणि पिन ३१६ स्टीलची केली. स्टीलबद्दल थोडं सांगतो कारण आमच्याकडे सगळ्या स्टीलला एकच समजतात. ताटवाट्यांचं चांगलं स्टील ३०४, त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. ३१६ मध्ये वरून २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम, त्यामुळं ते खाऱ्या पाण्यात जास्त टिकतं. चुंबक लावून दोन्हीतला फरक कळत नाही, दोन्हींना चुंबक जवळपास लागतच नाही, त्यामुळं माल घेताना दुकानदाराच्या शब्दावर न जाता रॉडवरचा शिक्का बघायचा.

एवढं झाल्यावर कोणालाही वाटेल की काम झालं. मलाही वाटलं. मग नवीन कडी बसवायला गेलो तेव्हा आठवलं, जुनी काढताना चारातले दोन स्क्रू बोटानंच निघाले होते. पेचकस लावावा लागला नव्हता. स्क्रूला लाकडाचा काळा चोथा चिकटलेला, ओल्या चहापत्तीसारखा. पेचकसाच्या मुठीनं मागची फळी ठोकत गेलो, टक टक टक आणि कडीच्या जागी आल्यावर ठप. तळहाताएवढ्या जागेत ठप.

खडखड पिनेत होती हे खरं, पण पिन झिजली कारण कडी हलत होती, कडी हलत होती कारण स्क्रू ढिले होते, आणि स्क्रू ढिले होते कारण कधीतरी कोणीतरी ते भोकाला काहीही न लावता कोरडे ठोकले होते आणि त्या चार भोकांतून पाणी वर्षानुवर्षं लाकडात उतरत राहिलं होतं. मी दोन महिने पिनेच्या मागं लागलो होतो आणि दुखणं होतं पिनेपासून चार बोटं आत. मला त्या रात्री खरंच वाईट वाटलं, म्हणजे नाव माझ्याजवळ इतके दिवस सांगून राहिली होती आणि मी फक्त आवाज ऐकत होतो.

सडकं सगळं कोरून काढलं. मोठं होतं तिथं नवीन प्लायवुडचं ठिगळ, आणि स्क्रूच्या भोकांना इपॉक्सी. पद्धत अशी की भोक मुद्दाम मोठं पाडायचं, त्यात इपॉक्सी भरायचं, ते दगडासारखं झालं की त्याच्या मधोमध नवीन लहान भोक पाडायचं. म्हणजे स्क्रू लाकडाला भेटतच नाही, त्याच्याभोवती सगळीकडून इपॉक्सीची भिंत, पाणी आलं तरी लाकडापर्यंत पोचत नाही. इपॉक्सी घट्ट करायला आरा मशीनवरून सागवानाचा भुसा आणला आणि बायकोच्या जुन्या ओढणीतून चाळला, गव्हाच्या पिठाइतका बारीक.

हे मी मे महिन्यात केलं आणि तिथं दुसरी फजिती झाली. इपॉक्सी म्हणजे दोन डब्यांतलं मिसळायचं, मिसळलं की त्याची आतल्या आत उष्णता तयार होते आणि ते घट्ट होतं. थंडीत अर्धा तास हाताळता येतं ते आमच्या ४५ अंशांत दुपारी एक वाजता स्टीलच्या पेल्यात कालवलं तर पाच मिनिटांत पेला हातात धरवेना, धूर निघायला लागला आणि सगळं पिवळं ढेकूळ. जितकं जास्त एका ठिकाणी तितकं जास्त तापतं, म्हणून खोल पेला नको, पसरट ताटली पाहिजे आणि थोडं थोडं कालवायचं. दुसऱ्या दिवसापासून पहाटे साडेचारला उठायला लागलो. बाहेर मोहाच्या झाडाखाली नाव उलटी ठेवलेली, गॅसबत्तीसारखा एलईडी लटकवलेला, आणि ऊन यायच्या आत तीन भोकं. अकरा दिवस लागले.

कड्या परत बसवताना प्रत्येकीखाली ब्यूटाइलची पट्टी. काळी चिकट पट्टी असते, पत्र्याच्या जोडाला लावतात ती, कधी पूर्ण कडक होत नाही आणि हलत्या जागेत पाणी अडवते. भोकाचं तोंड वरून थोडं वाटीसारखं कोरायचं म्हणजे तिथं पट्टीचा जाड कडा बसतो. स्क्रू एका दमात आवळायचा नाही, आज थोडा, उद्या थोडा, बाहेर आलेलं नखानं काढायचं.

मग डोलकाठी. ती अॅल्युमिनियमची आणि तिच्यातले स्क्रू स्टीलचे, पाण्यात या दोघांची बॅटरी तयार होते आणि त्यात अॅल्युमिनियम खर्ची पडतं, स्क्रूभोवती पांढरी भुकटी फुगते आणि स्क्रू वेल्डिंग केल्यासारखा बसतो. जोर लावला की डोकं तुटतं. आधी गंज सोडवायचं तेल दोन दिवस, मग हीटगननं भोवतालचं अॅल्युमिनियम तापवायचं, अॅल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त फुगतं, म्हणून भोक स्क्रूपेक्षा किंचित मोठं होतं आणि मग एक कडक आवाज येतो. तो आवाज मला फार आवडतो. नऊपैकी आठ आले, एक तुटला, तो ड्रिल करून काढला. परत बसवताना मधे नायलॉनचं वॉशर आणि सांध्याला पेस्ट.

एक गोष्ट माझ्या नजरेतून निसटलीच असती. जून लागला होता, दादा मोहाखाली बिडी ओढत बसला होता आणि नाव न्याहाळत होता. म्हणाला, "भाऊ, थे तुमची नाव रडून राह्यली ना."

"रडते म्हणजे?"

"पाहा ना. डोळ्यातून लाल पानी."

डोलकाठीला दोन बाजूंनी तारेनं ताणून धरतात, त्या तारा नावेच्या कडेला ज्या स्टीलच्या पट्ट्यांना बांधतात त्या लाकडातून आत जातात. डावी पट्टी जिथं लाकडात शिरते तिथून तांबूस ओघळ, काडीएवढा. मी तो रोज बघत होतो आणि पुसत होतो. स्टील गंजत नाही ते त्याच्यावर क्रोमियमची पातळ साय असते म्हणून, आणि ती साय टिकायला हवा लागते. लाकडाच्या आत, ओल्या फटीत, हवा नाही आणि पाणी साचलेलं, तिथं साय परत धरत नाही आणि स्टील गपचूप आतून खाल्लं जातं. बाहेरचा भाग आरशासारखा असतो तेव्हाही. पट्टी बाहेर काढली, ओळखीच्या वेल्डरकडून बारीक तडा दाखवणारा डाय मागितला, लाल रंग फवारायचा, पुसायचा, मग पांढरा फवारायचा. पाच मिनिटांनी पांढऱ्यावर केसासारखी लाल रेघ उमटली, पट्टीच्या रुंदीच्या निम्म्यापर्यंत. जोराच्या वाऱ्यात ती तुटली असती तर डोलकाठी आमच्या डोक्यावर आली असती, आणि समोर बऱ्याचदा माझी पोरगी बसते. दोन्ही पट्ट्या नवीन केल्या, उजवीला काही झालं नव्हतं तरी. दादानं आयुष्यात स्टीलची पट्टी वापरली नाही, त्याच्या डोंग्याला कापूस आणि डांबर लागतं, पण पाणी कुठून निघतं ते बघायची त्याची नजर माझ्या नेव्हीपेक्षा जुनी आहे.

पावसाळाभर नाव पडवीत होती, धरणाची दारं उघडी असताना पाण्यात जाण्यात अर्थ नव्हता. तान्हा पोळ्याला पोरीच्या लाकडी बैलाचं एक चाक निखळलं, तिच्या आजोबांच्या वेळचा बैल आहे, खिळ्याचं भोक मोठं झालं होतं. तिनं स्वतःच विचारलं की मोठं भोक पाडून भरायचं ना. तिनंच कालवलं, ताटलीत.

एक वस्तू मी बदलली नाही. टिलर. अॅश लाकडाचा, आणि जिथं हात येतो तिथं तो दोन्हीकडून खोलगट झाला आहे, वर्षानुवर्षं किती जणांनी धरला असेल, कॅडेट पोरं, क्लबातले लोक, माझ्या ओळखीचं कोणी नाही. तिथं वार्निशही दिलं नाही, नुसतं तेल. ती झीज कशाला कमजोर करत नाही, उलट अंगठा बरोबर तिथंच जाऊन बसतो.

दिवाळीनंतर नाव पाण्यात सोडली. दादा सोबत आला, पहिल्यांदाच, एरवी तो शिडावर भरवसा ठेवत नाही. उत्तरेचा वारा होता, बरा होता, निळं शीड भरलं आणि नाव कलली. मी कान मागं लावून बसलो होतो. काही नाही. टिलर सोडला, परत धरला. काही नाही. जलपर्णीचा एक पुंजका अडकला, सुकाणू जड झालं, तरी काही नाही. मामाच्या विहिरीपर्यंत गेलो, वळलो.

परत येताना दादानं हात वर केला, थांब म्हणून, आणि मान तिरपी करून ऐकायला लागला. मग मलाही ऐकू आलं. मधून, तळाच्या फळीच्या खाचेतून, अगदी बारीक. टिक. आधी खडखडीच्या खाली दबलेला असणार.

"हे दुसरं हाये," दादा म्हणाला.

सेंटरबोर्डाची, म्हणजे नावेच्या मधून पाण्यात सोडायच्या फळीची, पिन. काठाला लागल्यावर आधी वहीत लिहून ठेवलं.